कोर्समेटला तोंडावर खरं कसं सांगायचं: गावाकडून अधिकारी व्हायला निघालेल्यांसाठी

सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीच्या (सेवा निवड मंडळाच्या) मानसशास्त्रीय चाचण्यांत शेवटी स्वतःच्या वर्णनाचा कागद येतो. पंधरा मिनिटांत लिहायचं: आईवडिलांना तुझ्याबद्दल काय वाटतं, शिक्षकांना काय वाटतं, मित्रांना काय वाटतं, तुला स्वतःला काय वाटतं आणि पुढे तुला कसं व्हायचंय. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस भागातल्या पोरांकडून मी हा कागद सरावाला लिहून घेतो. मित्रांच्या जागी जवळपास प्रत्येकाचं उत्तर सारखंच येतं: मदत करणारा, मनमिळाऊ, हसतमुख. यात कोणी खोटं लिहीत नाही. सोबत वाढलेल्या मित्राने तोंडावर कधी काही सांगितलेलंच नसतं, त्यामुळे पोरांकडे लिहायला दुसरं काही नसतं. पानठेल्यावर मात्र त्यांच्या पाठीमागे सगळं बोलून झालेलं असतं.

हीच सवय घेऊन आपली पोरं-पोरी अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत जातात. डेहराडूनची आयएमए असो, चेन्नईची ओटीए, खडकवासल्याची एनडीए, किंवा एनसीसी अधिकारी होणाऱ्या शिक्षक-प्राध्यापकांसाठी आपल्या कामठीत असलेली अकादमी, सगळीकडे आळीपाळीने एकमेकांचं नेतृत्व करावं लागतं. प्रशिक्षक, म्हणजे डीएस, तुम्हाला ठरलेल्या वेळी बघतो. कोर्समेट, म्हणजे तुमच्याच तुकडीत शिकणारा सोबती, तुम्हाला पहाटे चारला, झोप न झालेली असताना, पाय सोललेले असताना आणि कोणी बघत नाही असं तुम्हाला वाटत असताना बघतो. त्याला जे दिसतं ते दुसऱ्या कोणालाच दिसत नाही. अमेरिकेच्या रेंजर स्कूलमध्ये तर प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पथकातले सोबतीच एकमेकांचं मूल्यमापन करतात, आणि त्यात मागे पडलेल्याला टप्पा पुन्हा करावा लागू शकतो.

आयएमएचं उद्घाटन १९३२ साली झालं तेव्हा त्या वेळचे सरसेनापती फिलिप चेटवूड यांनी अधिकाऱ्यासाठी एक क्रम सांगितला होता. देशाची सुरक्षा, मान आणि हित पहिलं. त्यानंतर हाताखालच्या जवानांचा मान, हित आणि सोय. स्वतःची सोय आणि सुरक्षितता सगळ्यात शेवटी. कोर्समेटला खरं सांगताना आपली जीभ अडते, त्याला वाईट वाटेल, मैत्री तुटेल, आपल्यालाही कोणी काही ऐकवेल असं वाटतं. हा सगळा संकोच आपल्या सोयीचा आहे, म्हणजे तिसऱ्या ओळीतला. त्याच्या हाताखाली उद्या जी प्लाटून, म्हणजे जवानांची तुकडी, येणार आहे, ती दुसऱ्या ओळीत आहे. माझ्यासाठी वाद इथेच मिटतो. कसं सांगायचं, तेवढं शिकणं उरतं, आणि ते शिकता येतं.

आधी बघायला शिका

सांगण्याची तयारी बघण्यापासून होते. खिशात मावेल अशी छोटी वही ठेवा. सरावानंतर, झोपण्यापूर्वी, ज्याने त्या दिवशी नेतृत्व केलं त्याच्याबद्दल दोन-तीन ओळी लिहा. एकच अट पाळा: त्या ओळींत विशेषण नको. "आत्मविश्वास कमी", "आळशी", "घमेंडी", "मवाळ" हे सगळे निकाल आहेत, आणि निकाल ऐकला की माणूस लगेच वकिली सुरू करतो. जे डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकू आलं तेवढंच लिहा.

"आत्मविश्वास कमी पडला" हे लिहिणं सोपं आहे. त्याच रात्रीची, नकाशा-कंपासवर वाट काढायच्या सरावाची, नीट लिहिलेली नोंद अशी असते: "दुसऱ्या चेक पॉइंटनंतर दोनदा कंपास पाहिला, थांबला, कोणालाच काही बोलला नाही. आपण चालत राहिलो. नाल्यात उतरलो, परत वर आलो. मागचे दोघं त्यानंतर मॅप बघेनात." ही नोंद वाचून त्या पोराला पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं. पहिल्या नोंदीतून त्याला फक्त आपण कसे आहोत याचा आणखी एक शिक्का मिळतो.

नोंद लिहून झाली की स्वतःला दोन गोष्टी विचारा. हे एकदाच घडलं की पुन्हा पुन्हा घडतं? एकदा घडलेल्याला सवय म्हणू नका. आणि यातलं किती त्याच्या हातात आहे? बोली, उच्चार, रंग, उंची, घरची परिस्थिती, जात, ताटात काय वाढून घेतो, यांतलं काहीच तुमच्या विषयात बसत नाही. कोणी "पाणी"ला "पानी" म्हणत असेल तर म्हणू द्या. वायरलेसवर तो आकडे घाईत गिळतो आणि पलीकडचा नकाशावरच्या जागेचा चुकीचा आकडा (ग्रिड) लिहून घेतो, तर ते सांगायलाच हवं, कारण ते सुधारता येतं आणि त्याने काम बिघडतं.

आपल्याकडे डवरणी करताना, म्हणजे उभ्या पिकातलं तण काढताना, डवऱ्याची पास (पातं) तणाला लागली पाहिजे आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, मुळाला लागता कामा नये, हे शेतात वाढलेल्या पोराला सांगावं लागत नाही. माणसाशी बोलताना तोच हात हलका ठेवायचा आहे.

चांगलंही याच पद्धतीने टिपा. "तू भारी लीडर आहेस" या वाक्याने कोणाचंच काही भलं होत नाही. "काल कॅम्पमध्ये पाणी वाटताना तू शेवटच्या तंबूपर्यंत स्वतः गेलास, म्हणून त्या पोराला ताप आहे हे कळलं", हे ऐकलेला माणूस पुढच्या कॅम्पलाही शेवटच्या तंबूपर्यंत जाईल.

वेळ आणि जागा

एक दिवसाच्या आत सांगा. आठवडा उलटला की ती गोष्ट दोघांच्या डोक्यात वेगवेगळी होते आणि मग भांडण आठवणींचं होतं. पण सराव संपल्या संपल्याही नको. दमलेला, उपाशी, डीएसची बोलणी नुकतीच खाल्लेला माणूस काहीही ऐकून घेण्याच्या स्थितीत नसतो. आंघोळ, जेवण होऊ द्या. मग त्याला बाजूला घ्या, शक्यतो सोबत चालत चालत बोला. समोरासमोर खुर्च्या टाकून बसलं की जबाब घेतल्यासारखं वाटतं.

ज्युनिअर कॅडेटसमोर कधीही नाही. त्याची गर्लफ्रेंड, त्याचे घरचे, त्याच्या गावचा माणूस समोर असताना नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नाही. लिहिलेल्या वाक्याला आवाज नसतो, आणि स्क्रीनशॉटला पाय असतात.

याला एक अपवाद आहे. धोका चालू असताना वाट बघायची नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. अशा दिवशी रूट मार्चमध्ये सेक्शन कमांडरने, म्हणजे छोट्या गटाच्या नेत्याने, बाटल्या तपासल्या नसतील आणि एखादा अडखळायला लागला असेल, तर तिथल्या तिथे, मोठ्याने, "थांब, सावली बघ, याला पाणी दे" म्हणा. ते का घडलं याची चर्चा रात्री करता येईल.

प्रत्यक्ष बोलणं

बरीच पोरं इथेच अडतात, म्हणून यावर थोडं जास्त लिहितो. बोलण्याचा क्रम मी असा शिकवतो: कोणत्या वेळची गोष्ट, मी काय पाहिलं, त्याचा इतरांवर काय परिणाम झाला, मग प्रश्न, आणि शेवटी पुढच्या वेळी करण्याजोगी एकच गोष्ट. वर जी कंपासची नोंद दिली, तिच्यावरून दोन गावाकडच्या पोरांचं बोलणं कसं व्हावं ते बघा:

"भाऊ, दोन मिनिटं हाय का? कालच्या नाईट नेव्हिगेशनचं बोलाचं हाय."

"बोल न."

"दुसऱ्या चेक पॉइंटच्या मांगून तू दोनदा कंपास पाह्यला अन् थांबला. मले वाटलं तुले डाउट आला. पन तू कोनाले काई म्हटलं नाई, आपन चालतच रायलो. मंग नाल्यात उतरलो, वापस आलो. मांगचे दोघं पार थकले, त्यायनं मॅप पाहनंच सोडून देल्लं. तुया डोक्यात काय चालू होतं तवा?"

"अबे, सांगतलं असतं तं सगळे म्हनले असते का याले येतच नाई."

"तसं कोनी म्हनलं नसतं. पुढच्या बारीले डाउट आला का जागेवर थांबव, दोघायले बोलाव, मॅप सगळ्यायले दाखव. बस, येवढंच कर."

यात "तुले डाउट आला" हे सांगणाऱ्याने "मले वाटलं" म्हणून सांगितलं. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला दिसत नाही, दिसतं ते फक्त वागणं. मग त्याने प्रश्न विचारला आणि खरं कारण बाहेर आलं. त्या पोराला मॅप वाचता येत होता. त्याला भीती वाटत होती ती हसू होण्याची. प्रश्न न विचारता सल्ला दिला असता, तर "मॅप रीडिंगचा सराव कर" असा निरुपयोगी सल्ला दिला गेला असता. प्रश्न विचारल्यावर गप्प राहा. पाच-सात सेकंद शांतता जड वाटते, पण ती भरून काढायला तुम्ही बोललात तर त्याचं उत्तर तुम्हीच देऊन मोकळे होता.

आणि एकच गोष्ट. चार चुका दिसल्या असतील तरी एकच सांगा, जिने जवानांना सगळ्यात जास्त त्रास होईल ती. बाकीच्या वहीत राहू द्या.

वाईट सांगण्याआधी एक गोड आणि नंतर एक गोड, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी देतात. मला तो पटत नाही. ऐकणारा दोनच वेळात ओळखतो, आणि मग तुम्ही मनापासून कौतुक केलंत तरी तो पुढच्या वाराची वाट बघत बसतो. कौतुक करायचं तेव्हा फक्त कौतुक करा, चूक सांगायची तेव्हा फक्त चूक.

भाषेची भीती

गावाकडची पोरं गप्प राहतात याचं मोठं कारण इंग्रजी आहे. समोरचा कोर्समेट चंडीगडचा किंवा बंगळुरूचा, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, फाडफाड बोलणारा. आपण काही सांगायला गेलो आणि मध्येच शब्द अडला तर? म्हणून आपला पोरगा "गुड जॉब, ब्रो" म्हणून मोकळा होतो. यात नुकसान दोघांचं आहे, कारण त्या चंडीगडच्या पोराची चूक तुम्ही पाहिली होती.

क्रम ठरलेला असला की भाषा कमी लागते. "यू चेक्ड द कंपास ट्वाइस. यू डिड नॉट टेल अस. वी लॉस्ट टाइम इन द नाला. व्हॉट हॅपन्ड?" चार छोटी वाक्यं. कोणी व्याकरण तपासायला बसलेलं नसतं. हिंदीत जास्त सोपं जात असेल तर हिंदीत बोला. कोर्समेट आपसात तेच करतात. सरावासाठी वहीतली नोंद मराठीत लिहा आणि तिच्याखाली त्याच चार वाक्यांचं हिंदी किंवा इंग्रजी करून ठेवा. महिनाभरात ठरावीक वाक्यं तोंडात बसतात.

सगळे मिळून बोलायचं असेल तेव्हा

एकट्याशी बोलणं आणि सरावानंतर अख्ख्या गटाने बसून बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गटासाठी अमेरिकन लष्कराने १९७० च्या दशकात रूढ केलेली पद्धत आज जगभर चालते. चार प्रश्न: काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? तसं का झालं? काय टिकवायचं आणि काय बदलायचं? पहिल्या दोन प्रश्नांवर घाई करू नका. अर्धे वाद तिथेच सुटतात, कारण हुकूम काय होता हेच प्रत्येकाने वेगळं ऐकलेलं असतं. त्या दिवशीच्या नेत्याने स्वतःच्या निर्णयापासून सुरुवात करावी, आणि सगळ्यात ज्युनिअरला शेवटी नव्हे, आधी बोलू द्यावं. एखाद्याची सवय, त्याचा स्वभाव इथे काढू नका. ते बाजूला घेऊन बोलायचं.

गाववाला, नात्यातला आणि वयाने मोठा

आपल्याच तालुक्यातला कोर्समेट भेटला की परक्या मुलखात घर सापडल्यासारखं होतं, आणि तिथेच आपली जीभ बांधली जाते. त्याची बहीण आपल्या गावात दिलेली असते, उद्या लग्नात भेट होणार असते. मग त्याच्या चुका झाकायच्या आणि त्याने आपल्या. मी पोरांना सांगतो, गाववाल्याला सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्पष्ट सांगा. परका कदाचित सांगणारच नाही; तुमच्यावर गाववाल्याचा हक्क आहे.

वयाचा प्रश्न खरा आहे. आर्मी कॅडेट कॉलेजमधून आलेले कॅडेट आधी जवान म्हणून नोकरी करून आलेले असतात. बावीस वर्षांच्या पदवीधराने त्यांना काय सांगावं? "दादा" म्हणा, बसायला जागा द्या, आदर पूर्ण ठेवा. मजकूर मात्र तोच ठेवा. उलट त्यांना विचारा की जवानांच्या नजरेतून आपलं वागणं कसं दिसतं. ही गोष्ट अकादमीत दुसरं कोणी तुम्हाला इतक्या खात्रीने सांगू शकत नाही.

मुलींबद्दल एक गोष्ट. २०२२ पासून एनडीएतही मुली प्रशिक्षण घेत आहेत. त्यांना काही सांगताना पोरं एक तर शब्द गुळगुळीत करतात किंवा बोलायचंच टाळतात, आणि असं टाळणं म्हणजे त्यांना शिकण्यातला वाटा न देणं. क्रम तोच, स्पष्टपणा तोच. मुलींनीही पोरांच्या चुका सांगताना "सॉरी, पण" ने सुरुवात करू नये.

लेखी क्रमवारी मागितली तर

कधी कधी गटातल्या सगळ्यांना क्रमाने लावायला सांगतात. एसएसबीत कमांड टास्कसाठी, म्हणजे तुम्ही नेता होऊन करायच्या कामासाठी, आपल्या गटातून सोबती निवडावे लागतात, तीही एका अर्थाने हीच परीक्षा. लेखी क्रमवारीत काय बिघडतं ते मी कॅम्पमध्ये जवळून पाहिलं आहे. चार जण एका खोलीचे, ते एकमेकांना वर ठेवतात. कमी बोलणारा, वेगळ्या भाषेचा, नवा आलेला, तो आपोआप तळाला जातो. "तू मला दुसरा ठेव, मी तुला दुसरा ठेवतो" अशी अदलाबदल होते. अशा सौद्यात पडू नका. कोणी विचारलं तर सरळ सांगा की माझा कागद मी एकटा भरणार.

ज्याला तळाला ठेवणार आहात, त्याच्यासमोर कारण आधी बोलून झालेलं असलं पाहिजे. कागदावर असं काही लिहू नका जे तुम्ही त्याला तोंडावर सांगितलेलं नाही. हा नियम पाळला की कागद भरताना हात थरथरत नाही, आणि निकाल लागल्यावर त्याच्या नजरेला नजर देता येते.

काही गोष्टी मात्र कोर्समेटशी बोलून मिटवायच्या नसतात. हत्याराशी निष्काळजीपणा, चोरी, खोटी नोंद, ज्युनिअरला मारहाण किंवा छळ, मुलींशी गैरवर्तन, यांतलं काही दिसलं तर सरळ प्लाटून कमांडरकडे जा. गावात याला चुगली म्हणतील. चुगली आपल्या फायद्यासाठी, लपून केलेली असते. तुम्ही स्वतःचं नाव सांगून, दुसऱ्याचा जीव किंवा मान वाचवण्यासाठी जाता आहात.

तसंच, एखादा कोर्समेट अचानक गप्प झाला, झोपत नाही, घरी फोन करत नाही, सगळं सोडून द्यावं असं बोलायला लागला, तर त्याच्या कामगिरीवर बोलण्याची ही वेळ नाही. त्याच्याजवळ बसा, एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा अधिकाऱ्याच्या कानावर घाला.

ऐकून घेण्याची पाळी आली की

सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचं काम अवघड आहे. पहिल्या मिनिटात काहीही स्पष्टीकरण देऊ नका. "पण मला डीएसने तसंच सांगितलं होतं" हे खरं असलं तरी नंतर सांगा. वही काढून लिहून घ्या. लिहायला लागलात की वाद घालायला तोंड मोकळं राहत नाही. मग एक प्रश्न विचारा: "अजून कधी असं दिसलं का?" धन्यवाद म्हणा आणि निघा. पटलं की नाही ते रात्री ठरवा. दोन वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांशी न बोलता, तीच गोष्ट सांगितली असेल तर पटो न पटो, ती बदलायला घ्या. आणि दोन आठवड्यांनी सांगणाऱ्याकडे स्वतःहून जा: "तू म्हटलं होतं ते करून बघतोय, फरक दिसतो का?" असं विचारणाऱ्याला लोक आयुष्यभर खरं सांगतात.

घरी असताना सराव

अकादमीत जाईपर्यंत थांबायची गरज नाही. तालुक्याच्या ठिकाणी भरतीची, एनडीएची, सीडीएसची (पदवीधरांसाठीच्या अधिकारी परीक्षेची) तयारी करणारी पाच-सहा पोरं-पोरी सहज सापडतात. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत कॉलेजच्या मैदानावर जमा. दोन रिकामे ड्रम, एक फळी, एक बल्ली आणि दोर एवढ्यात एसएसबीसारखा ग्रुप टास्क उभा राहतो. जमिनीवर फक्कीने रेघा ओढा, रेघेच्या आत पाय लागला की परत. दर आठवड्याला नेता वेगळा, आणि एक जण खेळायचं सोडून फक्त बघणारा.

पहिले काही रविवार फक्त लिहा, काही बोलू नका. नोंदी एकमेकांना वाचायला द्या आणि त्यातली विशेषणं पेनने खोडा. किती खोडावी लागतात ते पाहून तुम्हालाच कळेल की अजून बघणं जमलेलं नाही. खोडाखोड कमी झाली की जोड्या पाडून बोलायला सुरुवात करा. पहिली पाळी ज्याने गट जमवला त्याची: बाकी सगळ्यांनी त्याला एकेक गोष्ट सांगायची, आणि त्याने एकाही गोष्टीला उत्तर न देता ती वहीत उतरवून घ्यायची.